कर्णा आणि पेटी : निर्वात नलिकेच्या ध्वनिवर्धकांचा इतिहास व त्यांच्या जतनाचा प्रश्न

लोणावळ्याजवळ नागफणीच्या कड्यालगत वसलेले कुरवंडे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील घाटामुळे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगल फौज याच घाटाने कोकणात उतरू लागली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिची कोंडी केली. त्या काळी दूरवरच्या माणसांपर्यंत संकेत पोहोचविण्याची साधने म्हणजे शिंग, नगारा आणि कर्णा. विसाव्या शतकात याच घाटमाथ्यावरील जत्रांमध्ये व सभांमध्ये जो ‘कर्णा’ ऐकू येऊ लागला तो मात्र निराळा होता. त्याच्यामागे विजेवर चालणारी एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात काचेच्या नळ्या तांबूस प्रकाशाने तेवत असत. नाव कर्ण्याला मिळाले. पेटी अनामिक राहिली. या नामकरणाचा आणि त्या पेटीच्या पुढील दैवगतीचा संबंध तपासणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

१. शब्दाचा मागोवा

‘कर्णा’ हा शब्द फार्सीतील ‘कर्ना’पासून आला. लांब नळीचे, टोकाशी फुलासारखे उमललेले धातूचे वाद्य, हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृत ‘कर्ण’ म्हणजे कान याच्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मराठी भाषकास सहज होतो. कानाशी संबंध असलेल्या वस्तूचे नाव कानावरूनच पडले असावे, ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु ती लोकव्युत्पत्ती होय. फुंकण्याचे वाद्य हा पहिला अर्थ. पुढे ग्रामोफोन आला तेव्हा त्याच्या रुंद तोंडाच्या नळीला आकारसाम्याने तेच नाव मिळाले. आणि लाउडस्पीकर आल्यावर शब्दाने तिसरे घर केले. गिरणीच्या शिटीसाठी रूढ झालेला ‘भोंगा’ हा शब्दही याच मार्गाने लाउडस्पीकरला चिकटला.

ही तीनही स्थित्यंतरे आकारावर आधारलेली आहेत, कार्यावर नव्हे. फुंकवाद्यात आवाजाची शक्ती वादकाच्या छातीतून येते. ग्रामोफोनमध्ये ती किल्ली दिलेल्या कमानीतून येते. लाउडस्पीकरमध्ये ती बॅटरीतून किंवा विजेच्या तारेतून येते आणि तिचे नियंत्रण पेटीतील नलिका करते. डोळ्यांना दिसणारे टोक तिन्ही ठिकाणी सारखे, म्हणून नाव एक. पांडित्याने घडविलेल्या शब्दांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द मराठीत कधी मायक्रोफोनसाठी, तर कधी लाउडस्पीकरसाठी योजला जातो. ‘ध्वनिवर्धक’ कधी कर्ण्याला लागतो, कधी पेटीला. साखळीची दोन टोके दिसतात, मधला दुवा दिसत नाही. त्या दुव्यास तंत्रज्ञांच्या बोलीत केवळ ‘मशीन’ म्हणतात.

२. नलिकेचे कार्य

१९०४ मध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी दोन विद्युदग्रांची नलिका तयार केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे अग्र, म्हणजे जाळी, घातले. तापलेल्या ऋणाग्रापासून निघणारे इलेक्ट्रॉन धनाग्राकडे धावतात. वाटेत असलेल्या जाळीवरील दाब किंचित बदलला तरी त्यांच्या प्रवाहात मोठा बदल होतो. घाटमाथ्यावरील धरणाच्या मोरीचे उदाहरण येथे चपखल आहे. मोरीचे दार हलविण्यास लागणारी शक्ती थोडी. पण त्या हालचालीनुसार सुटणारा पाण्याचा लोट मोठा. तो लोट दाराने निर्माण केलेला नसतो, जलाशयाने पुरविलेला असतो. त्याचप्रमाणे वक्त्याचा आवाज ‘वाढत’ नाही. त्याच्या तंतोतंत वळणाचा एक नवा, मोठा प्रवाह विजेच्या साठ्यातून घडविला जातो. ‘वर्धक’ या शब्दात ही गोष्ट येत नाही.

पुढील प्रगती वेगाने झाली. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी चल-वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे विवेचन प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये हॅरॉल्ड ब्लॅक यांना ऋण प्रतिभरणाची कल्पना सुचली व विकृती कमी करण्याचे साधन हाती आले. १९३६ मध्ये आलेली ‘६ एल ६’ ही नलिका जगभरच्या सार्वजनिक ध्वनियंत्रणांत रुजली. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘केटी ६६’ नलिकांवर आधारलेली रचना प्रसिद्ध केली, तेव्हा घरगुती संगीतश्रवणाचा दर्जा एका पायरीने उंचावला. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये नलिकांचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. म्हणजे ट्रान्झिस्टर जगात रुजू लागला त्याच सुमारास भारत नलिकांच्या बाबतीत स्वावलंबी होऊ लागला होता. भारतीय कार्यशाळांत नलिकांचे आयुष्य लांबले, त्याच्या कारणांपैकी हे एक होय.

३. धरणाशेजारचा अंधार

लोणावळ्याच्या परिसराचा विजेच्या इतिहासाशी संबंध निकटचा आहे. लोणावळा, वळवण व शिरवता येथील जलाशयांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडून टाटा जलविद्युत कंपनीने १९१५ मध्ये मुंबईस वीज पुरविण्यास आरंभ केला. गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. पाणी मावळचे, पाऊस मावळचा. परंतु तारा गेल्या मुंबईकडे. घाटमाथ्यावरील अनेक खेडी त्यानंतरही कित्येक दशके विजेवाचून राहिली. त्यामुळे अशा खेड्यांत लाउडस्पीकर आला तो मोटारीच्या बॅटरीवर स्वार होऊन.

या बॅटरीचा ठसा यंत्राच्या रचनेतच उमटला आहे. त्या काळच्या पुष्कळशा नलिकांचे तापक ६.३ व्होल्टवर चालतात. हा आकडा स्वैर नाही. तीन कोषांच्या भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा तो दाब होय. परंतु धनाग्रास दोन-तीनशे व्होल्ट लागतात. त्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाची कळ असे : पोलादी जिभली सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरून बॅटरीचा सरळ प्रवाह तोडीत-जोडीत राही आणि ट्रान्सफॉर्मर त्या तुटक प्रवाहाचा दाब चढवी. पेटीतून येणारी तिची गुणगुण हा ग्रामीण ध्वनियंत्रणेचा अविभाज्य भाग होता. जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमांची ध्वनियंत्रणाही नलिकांवरच चाले; फिल्मच्या कडेवरील रेषेतून आलेला प्रकाश फोटोसेलमध्ये जो अत्यल्प प्रवाह निर्माण करी, त्याचा तंबूभर आवाज करण्याचे काम याच नळ्यांचे.

४. छायाचित्रात नसलेली वस्तू

राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या यंत्राचे स्थान मोठे आहे आणि त्याची नोंद त्या मानाने लहान. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या अधिवेशनांना व सभांना ध्वनियंत्रणा पुरविली. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. राष्ट्रीय राजकारण शहरातील बंदिस्त मंडपांतून खेड्याच्या उघड्या माळावर आले, त्या काळात एका माणसाचा साधा बोलका आवाज हजारोंपर्यंत नेणे हा राजकारणाच्या स्वरूपाचाच प्रश्न बनला. ज्याला गर्जना करता येते तोच सभा जिंकतो, हा जुना नियम ध्वनियंत्रणेने मोडला. गांधीजींचा आवाज मंद होता. संथ, संभाषणासारख्या वक्तृत्वाने अफाट समुदायाला धरून ठेवणे नलिकेवाचून शक्य नव्हते.

त्या सभांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवरील ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे पुष्कळदा दिसतात. झाडाला बांधलेला कर्णाही कोठे कोठे दिसतो. व्यासपीठाखाली किंवा मंडपामागे ठेवलेली पेटी क्वचितच दिसते. शब्दाने जे केले तेच छायाचित्राने केले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचे उदाहरण याला जोडून घेण्याजोगे आहे. प्रक्षेपक हाही नलिकांचाच खेळ. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टपासून जागा बदलत हे केंद्र चालविले; १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडले. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. याच खटल्यातील एक आरोपी नानिक मोटवाने निर्दोष सुटले. त्या केंद्राचे शब्द पुढच्या पिढ्यांस वाचावयास मिळाले ते प्रामुख्याने पोलिसांनी चोरून ऐकून केलेल्या नोंदींमुळे. लिहून ठेवलेला शब्द, मग तो शत्रूने का लिहिलेला असेना, टिकतो. ज्याची नोंदच झाली नाही ते टिकण्यासाठी वस्तूच टिकावी लागते.

५. पाऊस आणि क्षय

वस्तू टिकविण्याच्या दृष्टीने घाटमाथा हे अवघड स्थळ आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. जुन्या ध्वनिवर्धकाचा शत्रू काळापेक्षाही ओल हा आहे.

कागदी कंडेन्सर ओल शोषतो व गळू लागतो. दोन नलिकांमधील जोडकंडेन्सर गळला, की पुढच्या नलिकेच्या जाळीवर धन दाब चढतो, प्रवाह बेसुमार वाढतो, धनाग्र लालबुंद होते आणि शेवटी निर्गम ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जळते. म्हणजे अगदी स्वल्प किमतीचा घटक सर्वांत मौल्यवान घटकाचा घात करतो. विद्युतविघटनी कंडेन्सर वापरावाचून सुकतो. कार्बनच्या रोधकांची किंमत वर्षानुवर्षे चढत जाते. रबरी आवरणाच्या तारा कडक होऊन तडकतात. त्या काळी लोकप्रिय असलेल्या स्फटिक मायक्रोफोनचा प्राण रोशेल लवणात असतो व ते पाण्यात विरघळणारे आहे. मावळच्या पाच-सात पावसाळ्यांनी असा मायक्रोफोन मुका केला तर नवल नाही. त्या मानाने नलिका स्वतः चिवट असते. काच अभंग व निर्वात शाबूत असेल तर ती अर्धशतक पडून राहूनही काम देते.

म्हणून अशी पेटी सापडताच तिला वीज जोडून पाहणे ही पहिली व बहुधा अखेरची चूक ठरते. शहाणा कारागीर आधी प्रत्येक तारेची जागा कागदावर उतरवितो, छायाचित्रे घेतो, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या तपासतो, गळके कंडेन्सर बदलतो आणि मग दाब हळूहळू चढवितो. बंद यंत्रातील कंडेन्सरमध्येही तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात, हेही तो विसरत नाही. या विद्येत निष्काळजीपणास क्षमा नाही.

ही विद्या मुख्यतः बोलीत जगली आहे. इंग्रजीने ‘कंडेन्सर’ टाकून ‘कपॅसिटर’ स्वीकारला, पण मराठी कारागिराने जुना शब्द सोडला नाही. ‘मशीन घुमते’, ‘माइक शिटी मारतो’, ‘वाइंडिंग गेले’ ही निदानाची भाषा आहे. घुमणे म्हणजे गाळणीचा कंडेन्सर सुकल्याने ऐकू येणारा सेकंदाला शंभर कंपनांचा स्वर. शिटी म्हणजे कर्ण्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरणे. कानाने ओळखलेल्या दोषांचा हा कोश कोणी संकलित केलेला दिसत नाही. वापरणारे कारागीर वृद्ध होत आहेत आणि त्यांच्याबरोबर तो मिटत आहे.

६. काय जतन करावयाचे?

येथे खरा प्रश्न उभा राहतो. जुने कंडेन्सर बदलले, ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला, व्हायब्रेटरच्या जागी ट्रान्झिस्टरचे मंडल बसविले आणि परदेशी कारखान्यातून आलेली नवी नलिका लावली, तर ते यंत्र तेच राहिले काय? उलट काहीच बदलले नाही, तर यंत्र अस्सल राहील परंतु मुके राहील. संगीताच्या शौकिनास आवाज हवा असतो, इतिहासकारास पुरावा हवा असतो. दोघांच्या हेतूंत विरोध आहे आणि तो मान्य करूनच मार्ग काढला पाहिजे.

पोथीच्या संपादनातील शिस्त येथे उपयोगी पडण्याजोगी आहे. संपादक भ्रष्ट पाठ दुरुस्त करतो, परंतु मूळ पाठ तळटीपेत देतो. ध्वनिवर्धकाच्या बाबतीतही काढलेला प्रत्येक घटक चिठ्ठी लावून पेटीबरोबरच ठेवावा. नवा कंडेन्सर जुन्याच्या पोकळ डबीत बसवावा, म्हणजे रूप टिकते व कार्यही होते. जे केले ते उलटविता येईल असे करावे. आणि जे यंत्र एकमेव व अभंग असेल त्यास हात न लावता त्याची केवळ नोंद करावी. कोरड्या हवेची सोय ही मात्र दोन्ही पक्षांस सारखीच आवश्यक आहे.

आवाजाच्या गोडव्याविषयीही सावध असावे. नलिका अतिभाराने एकदम न फाटता हळुवार विकृत होते, हे खरे. परंतु सभेतील पंचवीस-तीस वॉटची पेटी पत्र्याच्या कर्ण्याला जोडलेली असे आणि तो कर्णा खर्ज व तीव्र स्वर दोन्ही गाळून टाकी. सभेला आलेल्या शेतकऱ्याने जो आवाज ऐकला तो मायक्रोफोन, पेटी आणि कर्णा या तिघांचा मिळून होता. पेटी उत्तम ध्वनिक्षेपकास जोडून ऐकलेला आवाज सुखद असेल, पण ऐतिहासिक नव्हे. जतन करावयाचे ते संपूर्ण साखळीचे.

पितळी कर्णा आज दिवाणखान्याच्या शोभेसाठी जपला जातो. पत्र्याची पेटी तांब्याच्या भावाने भंगारात जाते, कारण तिच्या ट्रान्सफॉर्मरात तांबे असते. ज्या वस्तूस भाषेने नाव दिले ती वाचली आणि जिला दिले नाही ती गेली, असे म्हणणे थोडे अतिव्याप्त होईल. तथापि नाव नसलेल्या वस्तूची नोंद होत नाही आणि नोंद नसलेल्या वस्तूचा अभाव कोणास जाणवत नाही, एवढे निश्चित. संग्रहालयांच्या सूचीत ‘लाउडस्पीकर’ या एका शब्दाऐवजी मायक्रोफोन, वर्धकपेटी, कर्णा व बॅटरी अशा चार स्वतंत्र नोंदी होणे, आणि त्यांच्याशेजारी कारागिरांच्या शब्दांची टिपणे असणे, हा त्यावरील साधा व अल्पखर्चाचा उपाय होय. त्यासाठी वेळ मात्र थोडा उरला आहे.