पोर झोपलंय, पेनं जागी

डिसेंबर १९५१. शिकागोची थंडी कोटाच्या बाह्यांतून आत शिरते आहे आणि तुम्ही विद्यापीठातल्या अ‍ॅबट हॉलचा जिना चढताय. दगडी इमारत, कॉलेजपेक्षा किल्लाच वाटावा अशी. दुसऱ्या मजल्यावर शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत अजून दिवा आहे. लष्करी खाटेवर आठ वर्षांचा मुलगा बसलाय आणि तिशीतला एक माणूस त्याच्या डोळ्यांभोवतीची कातडी अ‍ॅसिटोनने घासतोय. नेलपॉलिश काढताना येतो तोच वास. हा युजीन असेरिन्स्की, पीएचडीचा विद्यार्थी. पदवी नाही, पैसे नाहीत, घरी बायकोला दिवस गेलेत. मुलगा त्याचाच, आर्मंड. फुकटात दुसरं कोण मिळणार?

डोळ्यांजवळ आणि डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या वायरी शेजारच्या खोलीत जातात. तिथे तळघरातून ओढून आणलेला जुनाट ऑफनर डायनोग्राफ आहे. डावीकडे बघ, उजवीकडे, वर, खाली, असं बाप सांगतो. पोराची बुबुळं हलतात तशी शाईची पेनं उडतात. मग दिवा मालवतात. तुम्ही यंत्रापाशी बसा. हात दूर ठेवा, कागद सरकतोय. रात्रभरात जवळजवळ अर्धा मैल सरकेल.

या कागदापायीच तर आजवर घोटाळा झालाय. इतरांनी काटकसर केली. थोडा वेळ यंत्र चालवायचं, बंद करायचं, पुन्हा चालवायचं. झोपेत मेंदू स्वस्थ पडलेला असतो अशीच समजूत असल्यावर रात्रभर कागद कोण जाळणार? असेरिन्स्कीचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन हे झोपेच्या अभ्यासातलं सर्वांत मोठं नाव. १९३८ मध्ये केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये ते ३२ दिवस राहिलेत, शरीराला २८ तासांच्या दिवसाची सवय लागते का हे बघायला. त्यांनी या विद्यार्थ्याला तान्ह्या बाळांच्या पापण्या बघत बसवलं होतं. कंटाळवाणं काम, पण डोळे कधी हलतात नि कधी थांबतात ही नजर त्याला तिथेच आली.

आर्मंड झोपलाय. मेंदूच्या रेषा हळूहळू रुंदावत, उंचावत जातात. ही गाढ झोप. लहान मुलांची तर इतकी गाढ, की उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी कळत नाही. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. सांगायचं मात्र नाही.

असेरिन्स्की कॉफीवर तग धरून आहे. आणि मग डोळ्यांची पेनं एकदम सुटतात. सणसणीत, दोन्ही डोळ्यांची एकत्र, मघाशी डावीकडे-उजवीकडे बघताना उडाली होती तशीच. मेंदूच्या रेषाही जागेपणीच्या वळणावर. पोरगं उठलं, असं त्याला वाटतं. तो शेजारच्या खोलीत जातो. तुम्हीही जा, पण दारातच थांबा. डोळे मिटलेले. पोर गाढ झोपलंय.

त्याचा पहिला संशय यंत्रावर जातो. बरोबरच आहे, यंत्र त्याच लायकीचं आहे. पण नंतरच्या रात्रीही तेच घडतं, मोठ्या माणसांतही घडतं, एका रात्रीत चार-पाच वेळा. श्वास अनियमित होतो, हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून तो माणसांना अशा वेळी उठवून विचारू लागतो. डोळे हलत असताना २७ वेळा विचारलं, २० वेळा तपशीलवार स्वप्न निघालं. डोळे शांत असताना २३ वेळा विचारलं, १९ वेळा काहीच नाही.

क्लाइटमन लगेच मान डोलवत नाहीत. आपल्या मुलीला, एस्थरला, खाटेवर झोपवून स्वतः खात्री करून घेतात. मला हा चिवटपणा आवडतो. त्यानंतर ४ सप्टेंबर १९५३ च्या ‘सायन्स’मध्ये दोघांच्या नावाने जेमतेम दोन पानांचा लेख येतो.

आता जरा पुढे सरका. १९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन रात्रीची उतरंड मांडतात: हलकी झोप, गाढ झोप, पुन्हा वर, मग डोळ्यांच्या धावपळीची ‘रेम’ झोप, साधारण ९० मिनिटांचा फेरा. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, पहाटेकडे ‘रेम’ लांबत जाते. पहाटेची स्वप्नं आठवतात ती त्यामुळेच. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे मांजरांवर दाखवतो की या काळात मेंदू जागृतासारखा, पण स्नायू लुळे असतात. आणि १९६२ मध्ये डेव्हिड फोक्स प्रश्नच बदलतो. ‘स्वप्न पडत होतं का?’ऐवजी ‘मनात काय चाललं होतं?’ असं विचारल्यावर शांत डोळ्यांची माणसंही बरंच काही सांगू लागतात. म्हणजे रेम म्हणजेच स्वप्न, हे सोपं समीकरण दहा वर्षंही टिकलं नाही.

असेरिन्स्कीला शोधायला शिकागोत परत जाऊ नका. पदवी मिळताच तो सिअ‍ॅटलला गेलाय. पाण्यात वीज सोडली तर सॅल्मन मासे काय करतात, हे बघायची नोकरी आहे. झोपेच्या शोधाने घर चालत नव्हतं.