नांगर, बंदर आणि राज्य

चिटगुप्प्याच्या शिवारात ‘नांगर’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बैलांची जोडी आणि उलटलेली ढेकळे उभी राहतात. तोच शब्द दाभोळच्या खाडीवर उच्चारला, तर खलाशाचा हात दोराकडे जातो. मराठीने हे दोन्ही नांगर एकाच रूपात सामावून घेतले असले, तरी त्यांची कुळे निराळी आहेत. शेतकऱ्याच्या नांगराचे मूळ संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दात आहे. जहाजाच्या नांगराचे नाते फारसी ‘लंगर’ या शब्दाशी जोडले जाते. एक जमिनीत शिरतो तो पुढे चालण्यासाठी. दुसरा शिरतो तो जागा न सोडण्यासाठी. दोघांचेही यश मात्र खालच्या मातीवर अवलंबून असते.

या दोन नांगरांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. चिटगुप्पा हे बिदर आणि कलबुर्गी यांच्या मधल्या मुलखातले गाव. बहामनी राज्याच्या या दोन राजधान्या. चिटगुप्प्याहून सरळ पश्चिमेकडे रेषा ओढली, तर सुमारे ४२५ किलोमीटरांवर, जवळजवळ त्याच अक्षांशावर, वाशिष्ठीच्या मुखाजवळचे दाभोळ लागते. पंधराव्या शतकात बिदरच्या किल्ल्यात बसलेल्या सुलतानाला समुद्र दिसत नव्हता. पण त्याच्या घोडदळाचा प्राण त्या समुद्रावर अवलंबून होता. दख्खनमध्ये उत्तम जातीचे घोडे पुरेसे निपजत नसत. ते अरबस्तान आणि इराणकडून जहाजांत चढत, दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांत उतरत आणि घाट चढून राजधानीला येत.

घोड्यांच्या मागोमाग माणसेही आली. इराणच्या गिलान प्रांतातून निघालेला महमूद गावान दाभोळला उतरून बिदरला पोहोचला आणि पुढे त्या राज्याचा वजीर झाला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा बरोबर घेऊन चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढून बिदरला गेला आणि परतीच्या प्रवासासाठी दाभोळलाच जहाजात बसला. १४७२ मध्ये गावानाने गोवा जिंकले, त्याच वर्षी बिदरची सुप्रसिद्ध मदरसा उभी राहिली. पठारावरचे हे वैभव आणि कोकणातला नांगर असे एका दोराने बांधलेले होते.

मग बंदर म्हणजे तरी काय? धक्का, कोठ्या आणि जकातीचे नाके हे बंदराचे दृश्य रूप झाले. त्याचे खरे रूप पाण्याखाली असते. नांगर आपल्या वजनाने जहाज धरून ठेवतो, ही समजूत अर्धवट आहे. नांगरावरचा ओढ आडवा असेल, तर त्याचे फाळ चिखलात अधिकाधिक रुततात. ओढ वर असेल, तर ते उचकटतात. म्हणून जाणता तांडेल पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट दोर सोडतो. आजच्या शीडनौकाही हाच नियम पाळतात: साखळी असेल तर खोलीच्या सुमारे पाचपट, दोर असेल तर सातपट किंवा अधिक. ही खोलीसुद्धा भरतीची धरावयाची. ओहोटीला मोजून दोर सोडणाऱ्याचे जहाज उधाणाच्या रात्री जागेवर सापडत नाही.

तळाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. घट्ट चिखल नांगराला धरतो, पातळ रेंदा सोडून देतो. खडकावर नांगर कधी लागतच नाही, तर कधी असा अडकतो की दोर कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिवाय नांगरलेले जहाज स्थिर नसते. वारा आणि प्रवाह फिरेल तसे ते नांगराभोवती फिरते. अरुंद खाडीत तेवढी मोकळी जागा नसते. तेथे एक नांगर वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या अंगाला टाकून जहाज दोहोंच्या मध्ये धरावे लागते. म्हणजे भरतीला एक आणि ओहोटीला दुसरा त्याला सांभाळतो.

त्या काळचे नांगर आजही पाण्याखाली सापडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना विजयदुर्गाच्या परिसरात, गोव्याच्या समुद्रात आणि गुजरातेत बेट द्वारकेजवळ दगडी नांगर मिळाले आहेत. त्यांतला एक प्रकार लांबट घडीव शिळेचा आहे. वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक आणि खालच्या बाजूला लाकडी फाळ बसविण्यासाठी दोन चौकोनी भोके, अशी त्याची घडण. दोर आणि लाकूड कुजून गेले, दगड तेवढा उरला. अरबी समुद्राच्या व्यापाराची एवढी बोलकी खूण क्वचितच दुसरी असेल.

मात्र नांगर जहाजाला विसावा देतो, तसा तो त्याला बांधूनही ठेवतो. शिडे गुंडाळलेले, खलाशी निवांत, दोर पाण्यात सोडलेला, अशा वेळी जहाजाइतके असहाय काही नसते. म्हणून जो जहाजांना आसरा देतो, त्याने त्या जागेचे रक्षणही केले पाहिजे. या नियमाचे मोल दाभोळने फार जबर किमतीने जाणले. १४८१ मध्ये सुलतानाने गावानाचा शिरच्छेद करविला, राज्य आतून फुटले आणि दाभोळ विजापूरकरांकडे गेले. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्कु द आल्मेदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने ते भरभराटीचे बंदर जाळून बेचिराख केले. १५१० मध्ये गोवाही गेले. पुढे पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसलेल्या जहाजाला या किनाऱ्यावर निर्धास्त फिरण्याची सोय उरली नाही.

हा धडा ज्याने पुरता ओळखला, तो राज्यकर्ता दीडशे वर्षांनंतर झाला. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे छोटे बेट आहे. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांवर तेथून नजर ठेवता येते. ऑगस्ट १६७९ मध्ये, पावसाळा सरला नसताना, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी तेथे माणसे घेऊन उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईच्या इंग्रजांनी बेटावर हक्क सांगितला आणि त्याला वेढा घालण्यासाठी जहाजे पाठविली.

उघड्या समुद्रात बेटाला वेढा घालणे म्हणजे दिवसामागून दिवस नांगरावर राहणे. मोठ्या जहाजाला खोल पाणी हवे, म्हणून ते बेटापासून दूर राही. मराठ्यांच्या होड्या उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या. त्या रात्री थळकडून निघत आणि अंधारात बेटावर सामान पोहोचवून परत येत. वाऱ्याने साथ दिल्याखेरीज हलू न शकणाऱ्या जहाजांना त्यांचा पाठलाग साधत नसे. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

१८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचे आरमार इतक्या वेगाने चालून आले, की नांगरावर असलेल्या इंग्रज जहाजांना नांगर उचलण्यास जेमतेम अवसर मिळाला. ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. पण ‘रिव्हेंज’ या लढाऊ जहाजाच्या तोफांनी त्या दिवसाचे पारडे फिरविले. मराठ्यांची पाच गलबते बुडाली आणि उरलेल्यांना नागोठण्याच्या खाडीकडे हटावे लागले. ती लढाई इंग्रजांनी जिंकली, यात संशय नाही.

तरीही बेट मराठ्यांनीच राखले. लढाई एका सकाळी संपली. रात्रीच्या होड्यांची ये-जा संपली नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी जहाजे मागे घेतली. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाणे मांडले, हे खरे. पण खांदेरी हलली नाही. १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराने तिच्यावर पुन्हा चाल केली, तीही फसली. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत युनेस्कोने खांदेरीचा समावेश केला, तो योग्यच झाला.

बिदरच्या वैभवाचा आणि खांदेरीच्या तटाचा इतिहास एकत्र वाचला, म्हणजे त्यातले सूत्र ध्यानात येते. बिदरला बंदराचे उत्पन्न आणि घोडे मिळाले. त्या बंदराच्या तोंडावर पहारा बसविण्याची निकड मात्र तेथून कोणाला तीव्रतेने जाणवली नाही. खांदेरीच्या शिबंदीपाशी शत्रूच्या तोडीची जहाजे नव्हती. आपल्या किनाऱ्याचा तळ, वारा आणि भरती-ओहोटी यांचे ज्ञान मात्र होते. पठारावरचा शेतकरी आपल्या जमिनीची ओल हाताने ओळखतो; थळचा खलाशी पाण्याखालची जमीन दोराच्या ताणावरून ओळखतो. राज्याला या दोघांची गरज असते, आणि त्यांतल्या एकाचा विसर पडला की दुसऱ्याचे पीकही घरात येत नाही.