हाली रुपया, कलदार रुपया आणि हैदराबाद स्टेट बँक

तीर्थपुरी व तिच्या आसपासचा गोदाकांठ 1948 पर्यंत निजामी राज्यांत मोडत असे. तेथील जुन्या कर्जखतांत व रोजकीर्दींत नुसता ‘रुपये’ हा शब्द पाहून संशोधकानें रक्कम ठरवूं नये. निजामाचा हाली सिक्का व इंग्रज सरकारचा कलदार असे दोन रुपये त्या राज्यांत चालत. अखेरच्या काळांत शंभर कलदारांस हाली 116 रुपये 10 आणे 8 पै, म्हणजे सहांस सात, हा सरकारी भाव होता. अर्थात् 700 रुपयांचें खत हालीचें असल्यास कर्ज 600 कलदारांचेंच ठरतें. सिक्का न पाहतां ऋणकोचा भार मोजल्यास तो सातव्या हिश्शानें चुकतो.

ह्या हाली चलनाचा व सरकारी कर्जाचा कारभार पाहण्यासाठीं 1941 च्या कायद्यानें हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. तिची पहिली शाखा 5 एप्रिल 1942 रोजीं हैदराबादेंत गनफाउंड्री येथें उघडली. फ्रेंच सरदार रेमंड याच्या तोफांच्या कारखान्यावरून त्या जागेस हें नांव पडलें आहे. हाली सिक्का 1959 सालीं बाद झाला. ती बँकही 2017 सालीं भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली. आतां साक्षीस उरले ते कागद. तेव्हां संग्राहकांनीं खताची नक्कल करतांना आंकड्याशेजारचा ‘हाली’ वा ‘कलदार’ हा शब्द अवश्य उतरून घ्यावा. तो सुटल्यास सारी रक्कमच संशयित होते.