१५क्यू२५ जनुकीय क्षेत्र आणि फुप्फुसाचा कर्करोग

१५क्यू२५ हे मानवाच्या १५व्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील एक क्षेत्र आहे. त्यातील काही आनुवंशिक भेदांचा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या जोखमीशी संबंध आढळला आहे. निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची घटक-प्रथिने घडवणारी सीएचआरएनए५, सीएचआरएनए३ आणि सीएचआरएनबी४ ही जनुके या क्षेत्रात शेजारी शेजारी आहेत.

पार्श्वभूमी

धूम्रपान हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण असले, तरी धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होत नाही. रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये या रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे टोकुहाता व लिलिएनफेल्ड यांनी १९६३ मध्ये दाखवले. मात्र एका कुटुंबात जनुकांप्रमाणे सवयीही सामाईक असतात. त्यामुळे केवळ अशा निरीक्षणांवरून आनुवंशिकतेचा वाटा ठरवणे कठीण होते.

शोध

एप्रिल २००८ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी १५क्यू२५ क्षेत्राचा या रोगाशी संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. यांपैकी दोन शोधनिबंध 'नेचर'मध्ये व एक 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. जोखमीच्या भेदाची एक प्रत असल्यास जोखीम सुमारे ३० टक्क्यांनी, तर दोन्ही पालकांकडून एकेक प्रत मिळाल्यास सुमारे ७० ते ८० टक्क्यांनी वाढते, असे आढळले.

कार्य

आरएस१६९६९९६८ या भेदामुळे सीएचआरएनए५ जनुकाच्या प्रथिनात ३९८व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजीन येते व ग्राहीचा प्रतिसाद क्षीण होतो. निकोटिनची मात्रा फार वाढली की एरवी नकोसेपणा वाटतो. हे जनुक नसलेले उंदीर मात्र मोठ्या मात्रेतही निकोटिन घेत राहतात, असे २०११ मध्ये दिसून आले.

मतभेद

हा भेद कर्करोगास थेट कारणीभूत ठरतो की धूम्रपान वाढवून, यावर २००८ मधील गटांत एकमत नव्हते. आइसलँडमधील गटाने निकोटिनच्या व्यसनाकडे बोट दाखवले. इतर दोन गटांना थेट परिणाम अधिक संभाव्य वाटला. एका प्रतीमागे दिवसाला सरासरी सुमारे एकच सिगारेट वाढते, एवढ्याने जोखमीतील वाढीचा उलगडा होत नव्हता. मात्र सिगारेटींच्या संख्येवरून धूर किती खोल व किती वेळा ओढला जातो, हे कळत नाही. शरीरातील कोटिनीन या निकोटिनजन्य पदार्थाचे मापन केल्यावर हा संबंध अधिक ठळक दिसला. कधीही धूम्रपान न केलेल्या आशियाई स्त्रियांच्या २०१२ मधील मोठ्या अभ्यासात १५क्यू२५चा कर्करोगाशी संबंध आढळला नाही. त्यामुळे जोखमीचा बराचसा भाग धूम्रपानातूनच येतो, या मताला बळ मिळाले.

महत्त्व

हा भेद जन्मतः सर्व पेशींत असतो. गाठीतील पेशींमध्ये आयुष्यात नंतर घडणाऱ्या उत्परिवर्तनांहून तो वेगळा आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत तो सामान्य, तर पूर्व आशियाई व आफ्रिकी वंशाच्या लोकांत विरळ आहे. तो असल्याने रोग निश्चित होत नाही आणि नसल्याने धूम्रपान निर्धोक ठरत नाही. धूम्रपान सोडल्याने जोखीम घटते, मग हा भेद असो वा नसो.