बालकाचा हात आणि घरांतील खेळ

वर्षाच्या आंतबाहेरचें मूल रांगत येतें, जमिनीवर पडलेला चुरमुरा पाहतें आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत तो उचलतें. घरच्या माणसांना त्याचें फारसें नवल वाटत नाहीं. परंतु याच चिमटीच्या बळावर तें पुढें गुंडी लावणार, फुलें ओंवणार आणि लेखणी धरणार असतें. या इवल्या बोटांच्या शिक्षणाला शास्त्राचें रूप कसें आलें, हा इतिहास उद्बोधक आहे.

जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें बालकांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. त्यानें योजिलेल्या खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिल्या देणगींत लोंकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरींत लांकडी गोल, नळकांडें व ठोकळा, तर तिसरींत आठ लहान ठोकळ्यांचा एक घन असे. मुलाची पहिली शिक्षिका आईच, हेंहि तो जाणून होता. १८४४ सालीं त्यानें आयांसाठीं गाण्यांचें व बोटांच्या खेळांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठी घरांतील आजी नातवाला मांडीवर घेऊन आपडी-थापडी खेळते, तेव्हां तीहि तेंच कार्य करीत असते. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली आणि पुढल्याच वर्षीं फ्रोबेल निवर्तला. १८६० सालीं बंदी उठली, पण तें पाहण्यास तो उरला नव्हता.

त्यानंतर डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांसाठीं फ्रेंच वैद्य सेगँ यानें वापरलेलीं साधनें त्यांनीं अभ्यासिलीं होतीं. त्यांच्या पेटींतील लांकडी दट्ट्याची मूठ मूल तीन बोटांनीं धरतें. पुढें लेखणी धरावयाची तीहि याच तीन बोटांनीं. गुंड्या व नाड्या लावण्याच्या चौकटींवर तें आपलें आपण कपडे घालण्यास शिकतें.

हीं साधनें उत्तम खरीं, पण महाग. खेड्यांतील मुलांनीं काय करावें? या प्रश्नाचें उत्तर ताराबाई मोडक यांनीं शोधलें. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर स्थापिलें होतें. १९२३ सालीं ताराबाई त्या कार्यांत सामील झाल्या व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ सालीं त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उघडलें. तेथें अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया आणि पानें आलीं. जीं मुलें बालवाडींत येत नसत, त्यांच्या अंगणांतच बालवाडी जाऊं लागली, तीच अंगणवाडी. १९५७ सालीं हें कार्य कोसबाड येथें आदिवासी मुलांत गेलें. १९७५ सालीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाहि अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

घरापासून निघालेलें हें शिक्षण अशा रीतीनें फिरून अंगणांत आलें. दोन वर्षांच्या मुलासाठीं घरांतच पुष्कळ साहित्य असतें: कणकेचा गोळा, मटाराच्या शेंगा, फाडावयास जुना कागद, झांकणाचे डबे, पाणी ओतावयास दोन पेले. मात्र तीन वर्षांखालील मूल हातांत येईल तें तोंडांत घालतें. मणी, बिया, सुटे दाणे यांनीं घुसमट होण्याचें भय असतें. म्हणून अशा बारीक वस्तु त्याच्यापासून दूर असाव्यात, आणि पाणी व शेंगा यांच्या खेळांत वडील माणूस जवळ बसलेलें असावें.

साहित्याहून कठीण गोष्ट म्हणजे मोठ्यांचा धीर. मूल गुंडीशीं झटत असतें आणि कामाच्या घाईंत कोणी तरी ती चटकन लावून देतें. गुंडी लागते, पण बोटांचा धडा राहून जातो. तीं दोन मिनिटें मुलाला मिळालीं, तर फ्रोबेलच्या पेटीवांचूनहि घराचें बालोद्यान होतें.