एका चाकाकडून दोन चाकांकडे : पुण्यातील वाहननिर्मिती आणि पुढील चाकांची जुळणी

पुणे शहराच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी बहुधा उद्योजक, परवाने, कामगार चळवळी आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे केली जाते. कारखान्याच्या जमिनीवर बसून दोरी, पट्टी व पाना यांच्या साह्याने घडत गेलेले ज्ञान या मांडणीत क्वचितच येते. वाहनाच्या पुढील दोन चाकांची जुळणी, ज्यास सर्वत्र ‘अलाइनमेंट’ म्हटले जाते, हे अशा ज्ञानाचे एक उत्तम उदाहरण होय.

दख्खनच्या पारंपरिक वाहनविद्येत हा प्रश्नच नव्हता, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. बैलगाडी काय किंवा पुण्याच्या पेठांतून धावणारा टांगा काय, दोन्हींना एकाच कण्यावरील दोन चाके. वळण घ्यावयाचे ते जनावराने. चाकांनी केवळ मागून यावयाचे. सुतार आरे बसवीत असे, लोहार तापवलेली धाव चढवीत असे आणि त्यांचे कौशल्य मुख्यतः चाकाच्या गोलाईपुरते व मजबुतीपुरते होते. युरोपात मात्र चारचाकी बग्ग्यांमुळे वेगळी अडचण उभी राहिली. वळताना आतील चाक लहान वर्तुळात व बाहेरील चाक मोठ्या वर्तुळात फिरते. म्हणून आतील चाक अधिक कोनातून वळले पाहिजे. म्युनिकचे गाडीकार गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी यावर योजलेल्या रचनेचे पेटंट १८१८ मध्ये लंडनमध्ये रुडोल्फ अकरमान यांनी घेतले. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार तंत्रज्ञानाच्या इतिहासात नवा नाही.

पुण्याची ख्याती सायकलींचे शहर अशी होती. १९६० च्या दशकात आकुर्डी परिसरात स्कूटर, रिक्षा व तीनचाकी टेम्पो यांचे उत्पादन वाढीस लागले. या सर्व वाहनांत एक विलक्षण साम्य आहे : पुढे चाक एकच. दोन चाकांनी परस्परांशी कसे वागावे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. सायकलच्या पुढील फोर्कचा मागे झुकलेला कल, ज्यामुळे हात सैल सोडले तरी चाक सरळ राहू पाहते, तोच मोटारीत ‘कॅस्टर’ म्हणून येतो. परंतु सायकलीत तो कारखान्यातच ठरून येत असल्याने दुरुस्ती करणाऱ्यास त्याची गणना करावी लागत नसे. म्हणजे वाहननिर्मितीचे केंद्र म्हणून नावारूपास येऊनही या शहराचा चाकांच्या जुळणीशी संबंध उशिरानेच आला, असे म्हणावे लागते.

हा संबंध वाढला तो चारचाकी व्यापारी वाहनांमुळे. टेल्कोच्या पुणे कारखान्यातून १९७७ मध्ये पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले व १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आला. अशा वाहनांचा पुढील कणा एकसंध पोलादी असतो. चाकाचा उभा कल (कॅम्बर) घडाईतच ठरतो. कारागिराच्या हाती उरतो तो केवळ ‘टो’, म्हणजे वरून पाहता दोन्ही चाकांची पुढील टोके आत वळली आहेत की बाहेर. टाय रॉड फिरवून तो साधता येतो. १९८८ ची टाटामोबिल आणि १९९१ ची सिएरा यांत पुढील प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगलेले होते. येथे कॅस्टर, कॅम्बर व टो हे तिन्ही कोन परस्परांवर अवलंबून असतात, म्हणून क्रम महत्त्वाचा ठरला : आधी हवेचा दाब, बेअरिंग व बॉल जॉइंट यांची ढिलाई पाहावयाची, मग कॅस्टर, नंतर कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो. क्रम उलटा केल्यास आधीचे काम वाया जाते, कारण कॅम्बर बदलताच टो बदलतो.

टो किती ठेवावा, हेही वाहनाच्या जातीवर अवलंबून असते. मागील चाकांना ओढ असलेल्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढील चाकांना बाहेर फाकवितो, म्हणून ती थोडी आत वळवून ठेवतात. पुढील चाकांनीच गाडी ओढली जात असेल, तर तीच चाके आत येऊ पाहतात. म्हणून १९९८ च्या इंडिकासारख्या पुढील ओढीच्या गाड्यांच्या वर्गात टो शून्याजवळ अथवा किंचित बाहेर ठेवण्याची रीत आहे. प्रमाण अल्प वाटते, परिणाम तसा नसतो. १५ इंची रिमवर एकूण टो ३ मिलिमीटर चुकला, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर आडवे घासत जाते. टायर अकाली झिजण्याचे कारण अनेकदा इतकेच असते.

स्पोर्ट्‌स कारने ही विद्या अधिक कठोर केली. पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झालेली, २०१२ मध्ये प्रथम प्रदर्शित झालेली डीसी अवंती आणि टाटा मोटर्सने २०१७ मध्ये जिनिव्हात मांडलेली, परंतु विक्रीस न आलेली रेसमो, या दोहोंत इंजिन आसनांमागे होते. अशा रचनेत पुढील चाकांवरील भार घटतो आणि त्यांची पकड कोनांच्या अचूकतेवर अधिकच विसंबते. वेगाने वळताना गाडी बाहेर कलते. त्या क्षणी बाहेरील टायर रस्त्यावर सपाट बसावा म्हणून चाकांचा माथा आत झुकवून ठेवतात. सरळ रस्त्यावर याची किंमत टायरच्या आतील कडेला मोजावी लागते. शर्यतीच्या गाड्यांत तर अकरमानचा नियमही कधी उलटविला जातो, कारण वळणात भार बाहेरील चाकावर असतो व त्यालाच अधिक कोन मानवतो.

२०११ पासून सुप्रा एसएई इंडिया या स्पर्धेच्या निमित्ताने अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी एकआसनी शर्यतगाडी स्वतः बांधू लागले. संगणकीय यंत्र हाताशी नसेल तेथे जुनीच पद्धत चालते. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवावयाचे, गाडीच्या दोन्ही अंगांना चाकाच्या मध्याच्या उंचीवर समांतर दोऱ्या ताणावयाच्या आणि रिमच्या पुढील व मागील कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावयाचे. चाक अडखळू नये म्हणून खाली ग्रीस लावलेले दोन पत्रे. दोन्ही टाय रॉड सारख्या आट्यांनी फिरवावे लागतात, नाहीतर टो जुळतो आणि स्टिअरिंग वाकडे राहते. माप घेतल्यावर गाडी थोडी पुढेमागे ढकलून, तिला आपल्या उंचीवर बसू देऊन, पुन्हा मोजावयाचे असते. ही पायरी छापील पुस्तिकेपेक्षा शेजारी उभ्या असलेल्या वयस्क मिस्त्रीकडूनच बहुधा शिकली जाते.