होमस्कूलिंगसाठी प्लॅनर कसा निवडाल? पाच-सहा विषय एकाच जागी सांभाळायची सोपी पद्धत

माझी मामेबहीण बॅडमिंटन खेळते. सकाळ-संध्याकाळ सराव आणि मध्येच स्पर्धांचे दौरे, म्हणून तिने शाळा सोडून घरूनच दहावी करायचं ठरवलं. प्रवेश घेतला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओपन स्कूलिंग, म्हणजे एनआयओएसमध्ये. घरात इंजिनिअर मी, त्यामुळे "दादा, एखादं चांगलं ॲप सांग ना" हे काम माझ्याकडे आलं. मी छान दिसणारा एक प्लॅनर लावून दिला. तीन महिन्यांनी तिचा फोन आला, "दादा, रोजचं सगळं टिक होतंय, पण विज्ञानाचे चारच धडे झालेत!"

नेमकं चुकलं कुठे?

ते ॲप फक्त 'आज काय करायचं' एवढंच दाखवत होतं. दौऱ्यावर पाच दिवस गेले की राहिलेल्या कामांची लाल यादी तयार व्हायची. ती बघून वैताग यायचा, मग ती कामं सरळ पुसून टाकायची. दिवसाचा हिशेब जुळत होता, विषयाचा नाही. एक-दोन विषय असतील तर हे लगेच लक्षात येतं. पाच विषयांत एखादा विषय गुपचूप मागे पडतो.

आधी बोर्डाला काय हवं ते बघा

'होमस्कूल प्लॅनर' असं शोधलं की बहुतेक अमेरिकन ॲप्स समोर येतात. तिथे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, पेनसिल्व्हेनियात हायस्कूलच्या वयाच्या मुलांसाठी वर्षाला 180 दिवस किंवा 990 तास शिकवणं बंधनकारक आहे. म्हणून त्या ॲप्समध्ये हजेरी, तास, क्रेडिट यांची नोंद असते.

एनआयओएसला घरच्या अभ्यासाचे तास दाखवावे लागत नाहीत. तिथे या गोष्टी महत्त्वाच्या:

- दहावीसाठी किमान 5 विषय, त्यात निदान एक भाषा.
- टीएमए, म्हणजे घरी लिहून जमा करायचे स्वाध्याय. त्यांना 20 टक्के वजन असतं.
- विज्ञानासारख्या विषयांना प्रात्यक्षिक परीक्षा.
- सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.
- नोंदणी 5 वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही.

निवडताना हे चार प्रश्न विचारा

1. सगळे विषय किती पूर्ण झाले, हे एकाच स्क्रीनवर दिसतं का?
2. आठवडा बुडाला तर पुढचं काम आपोआप सरकतं का?
3. स्वाध्याय आणि प्रात्यक्षिकाच्या तारखा धड्यांपासून वेगळ्या ठेवता येतात का?
4. आपला डेटा बाहेर काढता येतो का?

पर्याय

गूगल कॅलेंडर तारखांसाठी उत्तम, पण किती धडे झाले ते सांगत नाही. माय स्टडी लाइफमध्ये विषय, कामं आणि परीक्षा नीट लावता येतात. मात्र त्याची बांधणी शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकाभोवती आहे. होमस्कूल प्लॅनेटमध्ये राहिलेलं काम पुढे सरकवायची सोय आहे, पण ते पैसे भरून घ्यावं लागतं. नोशनमध्ये जवळपास काहीही करता येतं. फक्त प्लॅनर सजवण्यातच रविवार जाऊ देऊ नका.

शेवटी मी साधं गूगल शीट्स घेतलं. मोफत आहे, आणि फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवली की प्रवासातही उघडते.

शीट अशी बनवा

प्रत्येक धड्याला एक ओळ. रकाने चारच: विषय, धडा, झाला का (इथे चेकबॉक्स टाका) आणि उजळणी. धड्यापुढे तारीख लिहू नका! तारखा फक्त दुसऱ्या पानावर: टीएमए, प्रात्यक्षिक, परीक्षा. तिसऱ्या पानावर 'काऊंटइफ्स' फॉर्म्युल्याने प्रत्येक विषयाचे झालेले आणि उरलेले धडे मोजा.

आता गणित करा. समजा सगळे मिळून 130 धडे आहेत आणि परीक्षेला 32 आठवडे. शेवटचे 6 उजळणीला सोडले तर 26 उरतात, म्हणजे आठवड्याला 5 धडे. दौऱ्यामुळे दोन आठवडे बुडाले तर 24 आठवड्यांत तेच धडे, म्हणजे साधारण साडेपाच. लाल यादी नाही, फक्त आकडा थोडा वाढतो. दर रविवारी दहा मिनिटं तिसरं पान बघायचं आणि सगळ्यात मागे पडलेल्या विषयाने सोमवार सुरू करायचा.

बहिणीच्या शीटमध्ये हे आकडे भरले तेव्हा स्पष्ट दिसलं, एप्रिलपर्यंत विज्ञान होणार नाही. मग तिने चार विषय एप्रिलमध्ये आणि विज्ञान ऑक्टोबरमध्ये द्यायचं ठरवलं. वाईट वाटलं तिला, पण हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळण्यापेक्षा आधी कळलं हे बरं झालं. तीन महिने आधीच शीट बनवली असती, तर कदाचित ही वेळच आली नसती. तुम्ही मात्र पुस्तकं हातात आली त्याच दिवशी अनुक्रमणिका शीटमध्ये उतरवा.